साटमांच्या टाकीचा श्रावण

टाकी किती चढली हे बघायला श्रीपत साटम सकाळी तोंड धुण्याआधी मागच्या दाराने बाहेर पडायचे, आणि ते बाहेर पडले की 'स्नेहवर्धिनी' सोसायटीच्या मागच्या अंगाच्या आठही खिडक्यांत एकेक टूथब्रश हजर व्हायचा. खरं तर टाकी एक नव्हती, दोन होत्या. खाली हजार लिटरची काळी प्लास्टिकची, वरचा भाग कापलेली, आणि तिच्यात पालथी घातलेली साडेसातशे लिटरची. खालच्या टाकीत शेणाचा काला आणि रोजचा ओला कचरा. तो आत कुजायचा, त्याचा गॅस व्हायचा आणि तो गॅस वरच्या टाकीला उचलून धरायचा. जितकी टाकी वर, तितका गॅस जास्त. साटमांनी वरच्या टाकीच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते दहा आकडे काढले होते. त्यामुळे साटमांच्या घरात आज किती इंधन आहे हे तिसऱ्या मजल्यावरूनही वाचता येत असे. एवढा उघडा कारभार आजवर कुठल्याही कुटुंबाने केला नसेल.

हे सगळं सुरू झालं एका कृषी प्रदर्शनापासून. २००६चा उन्हाळा होता. साटम गेले होते कलमी आंबा बघायला, आणि परत आले ते काखेत एक पुस्तिका घेऊन. तळमजल्याचा फ्लॅट, मागे आठ फुटांची मोकळी पट्टी, घरात रोजचा कचरा आणि दारात सिलिंडरसाठी तीन तीन आठवडे वाट बघणं, असं सगळं जुळून आल्यावर माणूस किती काळ गप्प बसणार? त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी पुस्तिका चाळली आणि एकच प्रश्न विचारला, की कचरा वाटून घालायचा असं जे लिहिलंय तो कोणाच्या मिक्सरमध्ये. या प्रश्नाचं उत्तर साटमांनी जे टाळलं ते आजतागायत टाळलंच आहे.

सोसायटीची परवानगी हा एक वेगळाच अध्याय. चेअरमन जितेंद्र राऊत तरुण होता, इस्टेट एजंट होता आणि त्याला कुठल्याही गोष्टीत आधी स्फोट दिसायचा. "साटमसाहेब, उद्या ब्लास्ट झाला तर रिस्पॉन्सिबल कोण? मला काहीतरी गव्हर्नमेंटचं पेपर आणून द्या," असं तो म्हणाला. साटम दोन दिवस रजा टाकून एका सरकारी कचेरीत फिरले. पहिल्या टेबलावर सांगितलं, गॅस असेल तर पुरवठा खात्याकडे जा. पुरवठ्याने विचारलं, शेण आहे का? मग पशुसंवर्धन. पशुसंवर्धनवाल्याने विचारलं, जनावर किती? साटम म्हणाले, एकही नाही. तेव्हा तो माणूस त्यांच्याकडे इतक्या दयेने बघत राहिला की साटमांना उगाच ओशाळं वाटलं. पण साटम स्वतः विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेले गृहस्थ. कागदात काय लिहिलंय त्यापेक्षा कागदावर काय उमटलंय याला किती वजन असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी 'पाण्याच्या टाक्या (दोन) ठेवणेबाबत' असा साधा अर्ज केला, आवक बारनिशीच्या खिडकीत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' असा गोल शिक्का मारून आणला. जितेंद्रने शिक्का पाहिला, कागद फाइलला लावला आणि त्याचं समाधान झालं.

टाकीच्या जन्मापासून एकच माणूस साटमांच्या बाजूने ठाम उभा होता, तो म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे बॅप्टिस्ट सर. मूळचे इथल्याच, वसईतल्या पापडीचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. बाकीचे लोक नाकाला रुमाल लावून सल्ला देत होते. कोणी म्हणालं कापूर टाका, कोणी म्हणालं टाकीची दृष्ट काढा, कोणी म्हणालं टाकी विका. बॅप्टिस्ट सर मात्र खाली येऊन टाकीला कान लावायचे आणि "आत चाललंय, आत चाललंय," असं समाधानाने सांगायचे. त्यांची बायको फ्लॉसी रोज संध्याकाळी आपल्या घरातला कचरा छोट्या निळ्या बादलीतून स्वतः खाली आणून द्यायची. मासळीची डोकी, कल्ले, आतडी, कोलंबीची सालं. त्या बादलीचा टाकीवर असा काही परिणाम व्हायचा की दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी दोन आकडे वर. पुढे इमारतीतली बाकीची घरंही पाघळली आणि कचरा आणून देऊ लागली.

आखाडाच्या शेवटच्या दिवशी तर कळसच झाला. दुसऱ्या दिवशीपासून श्रावण, म्हणून सोळा बिऱ्हाडांपैकी बहुतेकांनी त्या दिवशी महिनाभराची भूक उरकून घेतली, आणि त्या सगळ्याची हाडंकाटे साटमांच्या दारात आले. पुढल्या संध्याकाळी टाकी नवावर गेली. शेगडीची ज्योत निळी, सरळ, वीतभर उंच. सुनंदाताईंनी तिच्यावर पुरणाची डाळ शिजवली आणि त्या काहीही बोलल्या नाहीत, ही त्यांच्या बाजूची मोठीच शाबासकी होती. त्याच भरात साटमांनी डोंबिवलीला दादांना फोन लावला.

दादा म्हणजे साटमांचे थोरले भाऊ रमेश. साटमांच्या घराण्याचा गणपती आधी कणकवलीला गावी असायचा, मग तो दादांकडे डोंबिवलीला आला. यंदा दादांच्या इमारतीची दुरुस्ती निघाली होती, जिन्याला टेकू लावले होते. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा गणपती धाकट्याकडे, वसईला यायचा होता. दादांनी परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, की यंदा बघू कसं होतं, पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी. या वाक्याने साटमांची झोप कधीच उडवली होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाची घरातली बढती एका दीड दिवसावर लटकली होती. आणि नवाचा आकडा बघून आलेल्या धुंदीत त्यांनी फोनवर सांगून टाकलं, की यंदाचा नैवेद्य, एकवीस उकडीचे मोदक, घरच्या गॅसवर होतील. सिलिंडरचा नंबर लावायची गरज नाही, असंही त्यांनी सुनंदाताईंना त्याच तोंडाने सांगितलं.

फोन मग वहिनींनी घेतला. वहिनी सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांनी विचारलं, त्या टाकीत जातं काय काय? साटम म्हणाले, घरातलं उरलंसुरलं.  मग वहिनी म्हणाल्या, "देवाचं त्याच्यावर शिजणार आहे. श्रावणात तरी भलतंसलतं घालू नका म्हणजे झालं."

साटमांनी फोन ठेवला. टाकीत काल गेलेल्या बोकडाचं काय करायचं? त्यांनी पुस्तिका काढली. आत गेलेला माल पूर्ण पचायला किती दिवस लागतात याचा हिशेब केला, वहीत तक्ता आखला आणि ठरवलं, की आजपासून टाकीलाही श्रावण पाळायला लावायचा. महिनाभर आत नुसता भाजीपाला गेला, की चतुर्थीपर्यंत गॅस आपोआप शाकाहारी होईल. स्वतः साटम श्रावण सोडून अकरा महिने बांगडा खाणारे, पण आता टाकीच्या पोटाचं सोवळं त्यांना आपल्या पोटाच्या सोवळ्यापेक्षा अवघड वाटू लागलं.

इमारतीतल्या बाकीच्या घरांचा प्रश्न नव्हता, तिथे श्रावणच होता. प्रश्न फक्त बॅप्टिस्ट सरांच्या घरचा होता. सरळ वर जाऊन, सर, असं असं आहे, म्हणून सांगायला हवं होतं. साटम दोनदा पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि दोनदा उतरले. ज्या माणसाने नाकाला रुमाल न लावता टाकीला कान लावला, त्याला तुमचा कचरा चालणार नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी त्यांनी आयुष्यभर कचेरीत जे केलं तेच केलं. टाकीशेजारच्या, कचरा जमा करायच्या पिंपावर एक पाटी लावली. 'श्रावणानिमित्त फक्त शाकाहारी कचरा स्वीकारला जाईल. कळावे.' सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीत ती पाटी एकाच घरासाठी होती, आणि हे सोळाही घरांना कळत होतं.

संध्याकाळी फ्लॉसी निळी बादली घेऊन खाली आली. साटम खिडकीच्या पडद्याआड उभे होते. तिने पाटी वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि बादली घेऊन ती जिना चढून गेली. दुसऱ्या दिवशी गेटपाशी बॅप्टिस्ट सर भेटले तेव्हा त्यांनी नेहमीसारखं "काय म्हणते टाकी?" असं विचारलं नाही. नुसती मान हलवली आणि ते शाळेला गेले. 

त्यानंतर टाकी उतरायला लागली. आठ, सात, साडेपाच. श्रावणात घराघरांत उपास. सोमवारी साबुदाणा, शनिवारी एकवेळ, आणि कचऱ्यात काय, तर बटाट्याची सालं आणि शेंगदाण्याची फोलं. टूथब्रशवाले आता रोज सकाळी वरूनच आकडा सांगत. पहिल्या मजल्यावरच्या सुरुचीताई रोज विचारत, "आज चारच का हो?" आणि साटमांना तो स्वतःच्या तब्येतीचा अपमान वाटे. अशातच घरातला सिलिंडर संपला. एजन्सीत विचारलं तर नंबर गणपतीनंतरचा. सुनंदाताईंनी माळ्यावरून रॉकेलचा स्टोव्ह काढला, पुसला, पेटवला आणि शांतपणे विचारलं, की मोदकांना रॉकेलचा वास लागला तर जाऊबाईंना काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवू या का.

त्या शांतपणाने साटम पुरते हादरले. पुढच्याच रविवारी ते रिक्षा करून गिरीज गावाला गेले. तिथल्या लुसीबाई रोज माणिकपूरच्या बाजारात केळी आणि भाजी घेऊन बसायच्या, त्यांची स्वतःची वाडी होती. वाडीत पिकून काळी पडलेली केळी ढिगाने पडली होती. लुसीबाई म्हणाल्या, "ही आम्ही गुरांना घालतो. तुमी काय करनार?" साटम म्हणाले, देवाचं काम आहे. बाईंनी मग पैसे घेतले नाहीत, वर दोन केळफुलंही दिली. साटम चाळीस किलो केळी रिक्षात भरून घरी आले.

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, रोज दोन किलो. पण चतुर्थीला दहा दिवस राहिले होते आणि टाकी तीनवर होती. घाबरलेल्या माणसाला पुस्तिकेतली अक्षरं दिसत नाहीत. साटमांनी सगळी केळी एका दुपारी कुस्करून टाकीत घातली.

दुसऱ्या दिवशी टाकी सहावर. साटमांनी टूथब्रशांकडे वर बघून पहिल्यांदा हात केला. घरात आले, शेगडीला काडी लावली आणि काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. सबंध पेटी संपली. गॅस येत होता, फुसफुसत होता, पण पेट घेईना. वास तर असा येत होता, की कोणी ताडीचं दुकान काढलं आहे. तिसऱ्या दिवशी टाकी सातावर गेली, इमारतीतून अभिनंदनं आली, आणि साटम "हो, हो" म्हणत आत येऊन खाटेवर आडवे झाले. टाकी भरलेली आहे आणि चूल थंड आहे, हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. सुनंदाताई या वेळी मात्र चिडल्या नाहीत. त्या खाटेपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, वर जा. ते एकच घर आहे ज्याला यातलं कळतं."

साटम वर गेले. बॅप्टिस्ट सर वह्या तपासत होते. बसा म्हणाले, पण पंखा लावला नाही. साटमांनी केळ्यांची सगळी हकिगत सांगितली, आणि सांगता सांगता पाटीवर आले. ते म्हणाले, "सर, मी चुकलो. मला तुमच्यासमोर उभं राहून सांगायची लाज वाटली."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. "साटम, पाटी कशाला? वर येऊन सांगायचं. ईस्टरच्या आधी उपवासकाळात चाळीस दिवस आमच्या घरात मटण येत नाही. आम्हाला समजलं नसतं? फ्लॉसी त्या दिवशी रडली." एवढं बोलून त्यांनी वह्या बाजूला सारल्या, खणातून एक चपटी पुडी काढली आणि ते साटमांच्या पुढे जिना उतरू लागले.

पुडीत लिटमसचा कागद होता. सरांनी निळी पट्टी टाकीच्या कडेच्या पाण्यात बुडवली, ती लालभडक झाली. एकदम गोड घातल्याने टाकीला आंबट झालंय, असं त्यांनी आठवीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. खाणं बंद. रोज थोडी चुन्याची निवळी आणि तबेल्यातून एक बादली जुना शेणकाला. सर रोज शाळेतून आले, की बूट न काढता मागे जायचे, पट्टी बुडवायचे आणि रंग बघून साटमांना औषधाची मात्रा सांगायचे. साटम शेजारी हात बांधून उभे राहायचे. आठव्या दिवशी निळी पट्टी निळीच राहिली आणि शेगडीवर एक बारीक, निळी, थरथरती ज्योत उभी राहिली. पण तोवर नासका गॅस सोडून द्यावा लागला होता आणि टाकी दोनावर होती.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दादा-वहिनी मूर्ती घेऊन आले. सकाळी पूजा झाली. टाकी रात्रीतून साडेतीनावर आली होती. मोदकपात्रात एका वेळी अकरा मोदक बसायचे, म्हणजे दोन घाणे. पहिला घाणा निघाला. पारी पातळ, कळ्या नीट, वहिनींच्या चेहऱ्यावर पसंती. साटम मागच्या दारात उभे राहून एक डोळा शेगडीवर आणि एक टाकीवर ठेवून होते. दुसरा घाणा चढला तेव्हा आकडा एकावर आला होता. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून सुनंदाताईंचा आवाज आला, की ज्योत बसतेय.

साटम धावत मागे गेले. बॅप्टिस्ट सर आधीच तिथे उभे होते, त्यांनी वरून आकडा पाहिला होता. ते म्हणाले, आमचा सिलिंडर आणतो. तेवढ्यात दादा पितांबर सावरत बाहेर आले. दादांनी रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. त्यांनी टाकीकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, की सिलिंडर खाली येऊन जोडेपर्यंत वाफ जाईल आणि मोदक चिकट होतील. गॅस आहे, नुसता दाब नाही. वजन द्या. आणि वजन शोधत न बसता त्यांनी स्वतःच टाकीला मिठी मारली आणि छाती तिच्यावर टेकली. पलीकडून बॅप्टिस्ट सरांनी टाकी धरली. आतून सुनंदाताई ओरडल्या, की आली, ज्योत आली.

खिडक्यांतून सगळी इमारत बघत होती. उघड्या अंगाचे, पितांबर नेसलेले दादा आणि घरच्या शर्टातले बॅप्टिस्ट सर एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड आणून काळी टाकी दाबत होते. साटम मध्ये उभे राहून दोघांच्या पाठीला हात लावत होते, त्यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं.

तशाच अवस्थेत दादांनी विचारलं, "श्रीपत, ह्याच्यात घालतंस काय रे तू?"

 साटमांनी सांगितलं, गेला महिनाभर फक्त भाजीपाला आणि केळी. वहीत तक्ता आहे, दाखवतो.

"आणि त्याच्या आदी?"

 साटमांना डोंबिवलीला परत जाणारा गणपतीचा पाट दिसू लागला. उत्तर बॅप्टिस्ट सरांनी दिलं. टाकीवरचा हात न काढता ते म्हणाले, "आधी आमच्या घरची मासळी, साहेब. डोकी, आतडी, सगळं. तेव्हा टाकी नवावर होती."

 दादांनी टाकी सोडली नाही. दहा मिनिटांनी आतून वहिनींनी घाणा उतरल्याचं सांगितलं, तेव्हा ते सरळ उभे राहिले, छातीला लागलेला काळा डाग पाहिला आणि पुन्हा आंघोळीला गेले. आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत झाली. साटमांनी अकरा माणसांत एकही घास चव घेऊन खाल्ला नाही. दादा त्यावर जेवतानाही बोलले नाहीत, दुपारी झोपून उठल्यावरही नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन करून तलावावरून परत आले तरी नाहीत.

निघायच्या वेळी वहिनी रिक्षात बसल्या, पण दादा बसेनात. ते साटमांना म्हणाले, मास्तर कुठल्या मजल्यावर राहतात? साटम त्यांना वर घेऊन गेले, दर पायरीला काहीतरी वाईटच ऐकायची तयारी करत. दार फ्लॉसीने उघडलं. दादांनी तिला नमस्कार केला, प्रसादाचा पुडा बॅप्टिस्ट सरांच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून, जणू खालच्या रिक्षापर्यंत ऐकू जाईल या भीतीने, ते म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी श्रावणात मासळी बंद करू नका. आच कमी पडते."